जन्माची पानं

निवृत्त शिक्षकाला आपल्याकडे दोनच कामं मिळतात. बक्षीस समारंभात खुर्ची अडवून बसायचं, नाहीतर कोणाच्या तरी कवितासंग्रहाला प्रस्तावना लिहायची. मला तिसरं मिळालं आणि मी वर्षभर जमिनीवर नव्हतो. अमरावतीत वऱ्हाडचे जुने कागद संगणकावर चढवायचा एक प्रकल्प निघाला होता. पत्रं, फोटो, गावोगावची दप्तरं, जे हाती लागेल ते. प्रकल्पवाल्यांना मोडी वाचणारा माणूस हवा होता. जिल्ह्यात मोडी वाचणारे जे काही उरले होते त्यांतल्या निम्म्यांना मोतीबिंदू झालेला, आणि बाकीचे एकमेकांशी बोलत नव्हते. म्हणून मी.

ते दिवस कसे होते हे इकडच्या माणसाला सांगायला नको. अमरावती-अकोल्याचं नाव रोज पेपरात पहिल्या पानावर यायचं आणि त्यात मिरवण्यासारखं काही नसायचं. मुंबई-दिल्लीचे कॅमेरेवाले बडनेऱ्याला उतरायचे, हॉटेलात सामान टाकायचे आणि चहा पिता पिता विचारायचे, "जवळपास एखाद्या शेतकऱ्याचं घर आहे का, जिथे नुकतंच झालंय?" काय झालंय ते उच्चारायची त्यांना लाज वाटायची, त्याचं शूटिंग करायची वाटत नसे. नेमकं अशाच वेळी कोणाला तरी वाटलं की या भागाचा वैभवशाली भूतकाळ जगापुढे आला पाहिजे. आमचा आज बघवत नसेल तर काल बघा, असा तो सगळा प्रकार होता.

संचालक पुण्याचे होते. महिन्यातून दोनदा यायचे. अंगात खादीचं जाकीट, बोलण्यात काळ्या मातीचं प्रेम. त्या काळ्या मातीत त्यांनी पाय कधी ठेवला नाही, कारण ती बुटाला चिकटते. आमच्या चहावाल्याचं बोलणं ऐकून ते डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "काय रांगडी भाषा आहे हो तुमची, ऐकतच राहावंसं वाटतं." घरातल्या लहान पोराच्या बोबड्या बोलाचं कौतुक करावं तसं. आणि मी? उभा जन्म घरात, बाजारात, वर्गातसुद्धा 'मले' आणि 'तुले' म्हणणारा मी त्यांच्यापुढे 'मला असं वाटतं की' अशी सुरुवात करायचो. बायको एकदा फोनवर माझं ते बोलणं ऐकून म्हणाली, "कोन्या मंत्र्याशी बोलून राहिले काय?" तिला मी गप्प बसवलं.

आमचं काम एका जुन्या वसतिगृहाच्या जेवणघरात चालायचं. लांबलचक खोली, बाहेर तेवढीच लांब ओसरी. आत चार संगणक, टायपिंगला चौघी बाया, एक मोठं स्कॅनिंगचं मशीन आणि एक शिपाई. मोडी मी वाचायचो, त्या चौघी टाईप करायच्या. लोक घरचे फोटो आणून द्यायचे, त्यांच्या नोंदीही मीच करायचो. लोकांना आपले पूर्वज किती आवडतात हे तिथे कळलं. प्रत्येकाचा पणजोबा जहागीरदार होता. प्रत्येकाच्या पणजोबानं मेळघाटात वाघ मारला होता, आणि इतक्या फोटोंत तोच एक मेलेला वाघ वेगवेगळ्या पणजोबांच्या पायाशी पडलेला मी स्वतः पाहिला. एका फोटोत जिनिंग फॅक्टरीचं उद्‌घाटन होतं. पहिल्या रांगेतल्या पागोटेवाल्यांची नावं खाली छापलेली, आणि मागे उभ्या असलेल्या पाचपन्नास माणसांसाठी दोन शब्द, 'व इतर'. ती नोंद मी जशीच्या तशी उतरवून घेतली. मला त्यात काही खटकलं नाही.

पत्रं मात्र मला मनापासून आवडायची. धामणगावच्या एका कापूस व्यापाऱ्यानं मुंबईच्या आडत्याला लिहिलेल्या पत्रांचा गठ्ठा आला होता. गठाणी वॅगनीत चढल्या, वर ताडपत्री नीट टाकली नाही तर तुमचं नि आमचं जमणार नाही, आणि ताईंना सांगा की पाठवलेल्या बरणीतलं लोणचं मुरल्याशिवाय उघडू नका. असलं अक्षर, असला रुबाब. त्या पत्रांवर मी मोठी प्रस्तावना लिहायला घेतली होती. कागद वाचायचा तर असा वाचावा, असं मी चौघींना रोज सांगायचो. त्या हो म्हणायच्या आणि टायपिंग करत राहायच्या.

नकोशी वाटायची ती कोतवाल बुकं. गावात मूल जन्मलं किंवा माणूस गेला की कोतवालानं पाटलाकडे जाऊन सांगायचं आणि ते वहीत चढायचं. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, एवढंच. वहीचा पुढचा अर्धा भाग जन्मांचा, मागचा मृत्यूंचा. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. रुबाब नाही, लोणचं नाही, काही नाही. आणि लोकांना नेमकी तीच हवी असायची. जात पडताळणीसाठी जुना पुरावा लागतो. तो बहुतेकांचा त्या वह्यांतच असतो. शेतीत राम राहिला नाही हे सगळ्यांना कळलं होतं, त्यामुळे ज्याला त्याला आपलं पोरगं कुठल्या तरी कॉलेजात ढकलायचं होतं. रोज सकाळी दारात माणसं उभी. "सर, आमच्या आज्याची नोंद पाहून द्या." भूतकाळाशी यांचं नातं एका झेरॉक्सपुरतं, असं मी त्यांच्या देखत म्हणायचो. संचालक हसायचे. मला बरं वाटायचं.

त्या वह्यांत एक अडचण होती. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव नसतं. असणार कुठून? कोतवाल सांगायचा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आणि बारसं बाराव्या दिवशी. मुसलमानाच्या घरी अकिका सातव्या दिवशी. नाव ठेवेपर्यंत वही पुढच्या घरी गेलेली असायची. अमक्यास मुलगा झाला, तमक्यास मुलगी झाली, संपलं. मेलेल्याला मात्र नाव असतंच. ज्यानं पुण्यात बसून संगणकावरचा फॉर्म तयार केला त्याला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. फॉर्ममध्ये नावाच्या रकान्यापुढे लाल चांदणी होती. तो रकाना भरल्याशिवाय पुढे जाताच यायचं नाही.

टायपिंगवाल्या बायांनी यावर आपला मार्ग काढला. त्या तिथे एक ठिपका द्यायच्या. फॉर्म खूश, काम पुढे चालू. मग एक दिवस संचालक आले, त्यांनी हौसेनं एका गावाचं नाव टाकलं, तर पडद्यावर वरपासून खालपर्यंत ठिपके. "अहो, हे काय? मुंग्या लागल्या की काय?" सगळे हसले. मीही हसलो. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, तज्ज्ञ तुम्ही आहात. सांगा काय करायचं."

करायचं एवढंच होतं की पुण्याला फोन करून ती चांदणी काढायला सांगायची. ते पाच मिनिटांचं काम आहे हे मला पुढे टायपिंगवाल्यांपैकी एकीनं सांगितलं. पण तज्ज्ञ म्हणून विचारल्यावर पाच मिनिटांचं उत्तर कोण देतो? मी माझ्या शुद्ध मराठीत म्हणालो, "ज्या नोंदीला नाव नाही तिला ऐतिहासिक मूल्य नाही. वगळाव्यात." संचालकांनी ते वाक्य डायरीत लिहून घेतलं. ठिपकेवाल्या नोंदी पानांच्या स्कॅन केलेल्या चित्रांसकट संगणकावरून पुसल्या गेल्या. पुढच्या वह्यांची जन्माची पानं मशीनपर्यंत गेलीच नाहीत.

आता कामाची आमची पद्धत सांगितली पाहिजे. तहसील कचेरीतून वही आली की आधी तिची शिवण उसवायची, कारण सुटी पानं मशीनमधून भराभर जातात. काम झालं की पानं पुठ्ठ्यात घालून वर सुतळी बांधायची आणि वही परत पाठवायची. तेव्हा मृत्यूची पानं पुठ्ठ्यात गेली आणि जन्माच्या पानांचे गठ्ठे ओसरीवर साचले. नंतर बघू, असं मीच म्हटलं होतं. नंतर म्हणजे उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी. पाहुणे येणार, ओसरीवर रांगोळी काढायची, आणि तिथे हे गठ्ठे. मी शिपायाला म्हटलं, "हलव हे इथून."

"कुठं ठिवू सर?"

"माझ्या डोक्यावर ठेव."

त्यानं ते माझ्या डोक्यावर ठेवले नाहीत. कुठे ठेवले हे मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी वऱ्हाडच्या भूतकाळावर लांबलचक भाषण केलं आणि शाल-श्रीफळ घेतलं. वह्या परत गेल्या, तिकडून शिक्का मारलेली पोच आली. वह्या मोजून घेतल्या होत्या. पानं कोणी मोजली नव्हती.

पावसाळा सुरू झाल्यावर एक दिवस बाळापूरचा एक माणूस आला. गादी-रजईचं दुकान होतं त्याचं. कापूस पिंजून पिंजून त्याच्या भुवयांतसुद्धा तंतू अडकलेले. सोबत मुलगी होती, बारावी झालेली, प्लास्टिकची फाईल छातीशी धरलेली. मी प्रस्तावना लिहीत होतो, म्हणून मान वर केली नाही.

"सर, बाळापूरहून आलो. बेटीचा नंबर लागला नागपूरले, दातायच्या डॉक्टरकीत. सरकारी कॉलेज हाये. ते पडताळणीचा कागद मांगून राहिले."

"मग पडताळणी समितीकडे जा."

"गेलतो सर. आमच्या दाखल्यावर नुसतं मुसलमान लिहेल हाये. मास्तरनं आमची पिंजारी जात लिहिलीच नाई. माह्या बी दाखल्यावर नाई, माह्या बापाच्या बी नाई. समितीवाले म्हंते, जुनं दाखव. माह्या बापाचा जलम गावच्या कोतवाल बुकात हाये, पिंजारी लिहेल हाये. बापानं आपल्या डोयानं पाह्यलं होतं."

आता या माणसाची अवस्था मला समजायला हवी होती. कापसाच्या मुलखात कापूस पिंजणाऱ्याचा धंदा बसला होता. खेड्यांतली लग्नं लांबली तशा गाद्या भरून घेणं थांबलं, आणि शहरात लोक फोमवर झोपू लागले. पोरगी हुशार निघाली, एवढीच एक गोष्ट त्या घरात नीट झाली होती. ती टिकायची तर महिन्याभरात एक कागद हवा होता. हे सगळं त्यानं मला सांगितलं. मी ऐकलं, आणि माझ्या मनात आलं ते असं की, गादीवाल्याची पोरगी आता लोकांचे दात काढणार.

"सगळं संगणकावर आहे," मी म्हणालो. "घरी बसून पाहता यावं म्हणूनच केलंय ते."

"पाह्यलं सर," मुलगी म्हणाली. "नाई सापडत."

"मग नसेल. नसलेली जात कागदावर कुठून आणू मी?"

बाप हसला, मी विनोद केला असं समजून. मुलगी हसली नाही. ते गेल्यावर टायपिंगवाल्यांपैकी एक हळूच म्हणाली, "सर, त्या जन्माच्या नोंदी..." मी तिला कामाला लावलं.

पंधरा दिवसांनी दोघं परत आले. सकाळच्या पॅसेंजरनं अकोल्याहून बडनेरा, तिथून ऑटो. या खेपेला मुलीनं मला काही विचारलं नाही. त्याच टायपिंगवाल्या बाईला विचारून ती सरळ एका संगणकापुढे बसली आणि तासभर काहीतरी वहीत उतरवत राहिली. बाप दाराशी स्टुलावर. मग ती उठून माझ्या टेबलापाशी आली.

"सर, एक विचारू?"

"विचार."

"आजोबाच्या गावाच्या साऱ्या नोंदी काढल्या. नुसते मेलेले हायेत. आजूबाजूच्या गावांचं पाह्यलं, तिथं बी तेच. त्या काळात लोकं नुसते मरतच होते काय सर? जलमलं कोनीच नाई?"

चौघींचं टायपिंग थांबलं. मला तिचा राग आला. आमच्या वऱ्हाडात फक्त मरण दिसतं म्हणून मी बाहेरच्या कॅमेरेवाल्यांना शिव्या घालायचो. इथे मी गावंच्या गावं अशी करून ठेवली होती की तिथे माणसं जन्मलीच नव्हती, थेट मेली होती. आणि ती जगाच्या पाठीवर कुठूनही बघता येत होती.

"जन्मनोंदी प्रकल्पाच्या कक्षेत नव्हत्या," मी म्हणालो. "मूळ वही कचेरीत परत गेली आहे. तिथे बघा."

"कालच तिथं जाऊन आलो सर," बाप स्टुलावरून उठत म्हणाला. "वही देली त्यायनं पाहाले. पुठ्ठा हाये, मरनाची पानं हायेत. समोरची पानंच नाई. शिवण उसवेल हाये. ते म्हने अमरावतीवाल्याले विचारा."

मी शिपायाला हाक मारली. खरं तर मला त्याला त्यांच्या देखत झापायचं होतं. "ओसरीवरचे ते गठ्ठे कुठे ठेवलेस?"

"तुमीच तं म्हनलं हलव," तो म्हणाला. "रद्दीवाला आलता त्या दिवशी. त्याले देले."

पुण्याच्या जाकीटवाल्याला मी वर्षभर नावं ठेवली. कॅमेरेवाल्यांना ठेवली, वाघवाल्यांना ठेवली, झेरॉक्सवाल्यांना ठेवली. त्यांतल्या एकानंही एक पान फेकलं नव्हतं. मोडी वाचता येणाऱ्या माणसानं फेकलं होतं. ज्याला वाचता येत नाही त्यानं ते पान फडक्यात बांधून माळ्यावर ठेवलं असतं.

"जाऊ द्या सर," बाप म्हणाला. "कामाच्या गडबडीत होते असं."

मुलगी त्याच्याकडे न बघता म्हणाली, "सर, हेच लिहून द्या. वही तुमच्याकडं आली, जलमाची पानं तिच्यात होती, तुमी ती काढली अन् रद्दीत गेली. वकिलाले विचारलं आमी. पुरावा होता अन् तो कोनाच्या हातून गेला हे साफ लिहेल असलं, तर समिती घरी चौकशीले मानूस पाठवते. बाकीच्या कागदावर निकाल देते. नाई तं अर्ज तसाच बंद करते. पंधरा दिवस राहिले सर."

मागणं अगदी साधं होतं. जे झालं ते एका कागदावर, आणि खाली माझी सही. मी म्हटलं, "बसा, लिहून देतो." खरंच लिहायला बसलो होतो. पण लेटरहेड प्रकल्पाचं होतं, म्हणून संचालकांना फोन केला. फोनही मी आतल्या खोलीत जाऊन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, मला तुमची तळमळ समजते. पण असं लेखी दिलं तर उद्या प्रत्येक तालुक्यातून लोक उभे राहतील. आणि पुण्याच्या कार्यक्रमात तुमचा सत्कार ठरवलाय आपण, पत्रिका छापायला गेलीय. तुम्ही भाषेचे जाणकार आहात. योग्य शब्द शोधा."

योग्य शब्द मला लगेच सापडले. तेवढं शिक्षण माझं झालं आहे. 'सदर गावाच्या जन्मनोंदी तांत्रिक कारणास्तव संकेतस्थळावर उपलब्ध नाहीत. तरी संबंधितांनी मूळ अभिलेखाचा आधार घ्यावा.' खाली सही, शिक्का.

मुलीनं उभ्याउभ्या वाचलं. "सर, यात पानं फेकली ते नाई."

"तांत्रिक कारण म्हणजे तेच."

"तांत्रिक म्हनजे मशीन. मशीननं नाई फेकली." मग तिनं दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "अन् मूळ अभिलेखाचा आधार घ्या लिहिलं. तो तं नाईच हाये. समिती आमालेच म्हनन, जा, घेऊन या."

"मला शिकवू नकोस. सरकारी भाषा अशीच असते."

"एकच ओळ हाये सर. तुमी नोका लिहू, मी लिहितो. तुमी फक्त सही करा."

या वाक्यावर मी भडकलो. छत्तीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या माणसाला एक बारावी झालेली पोरगी मजकूर सांगते, असं काहीतरी मी मोठ्यानं बोललो. सगळं आठवत नाही आणि आठवावंसं वाटतही नाही. बाप घाईनं मधे पडला. त्यानं तिच्या हातून कागद घेतला, दोन्ही हातांनी धरला. "बेटी, सरायले समजते. सरायनं लिहून देलं हेच खूप हाये. मेहेरबानी सर." मुलीनं तो कागद फाईलमध्ये घातला. जाताना तिनं टायपिंगवालीला सलाम केला, मला केला नाही.

पुढचे पंधरा दिवस माझ्याकडे होते. दुसरा कागद लिहायला पाच मिनिटं पुरली असती. बाळापूर काही विलायतेत नाही, अमरावतीहून सकाळी निघालं तर जेवायच्या वेळेला माणूस तिथे पोचतो, आणि गादीचं दुकान कोणीही दाखवलं असतं. रोज आंघोळ करताना मी ठरवायचो की आज लिहायचं. रोज कपडे घालेपर्यंत मला पटायचं की समिती काय इतकी आंधळी नसणार, तिला कळेल. मी त्या काळात प्रस्तावना पुरी केली. चांगली झाली असं सगळे म्हणाले. पुण्याला सत्कारही झाला. तिथे मी बोललो की इतिहास हा सामान्य माणसाचा असतो. टाळ्या पडल्या.

दिवाळीच्या आधी एका रविवारी सकाळी तो माणूस माझ्या घरी आला. पत्ता त्यानं शिपायाकडून घेतला होता. हातात चादरीत बांधलेलं एक मोठं गाठोडं. मी दारातच उभा राहिलो, कारण मला वाटलं भांडायला आला. त्यानं चपला काढल्या, ओट्यावर गाठोडं ठेवलं आणि सोडलं. आत दोन उशा होत्या. पांढऱ्या मांजरपाटाच्या, नव्या कोऱ्या.

"घरच्या कापसाच्या हायेत सर. मी सोता पिंजला."

"अहो, हे कशाला?"

"तुमी कागद देला. बाकी कोनं तं आमाले दारात उभं बी केलं नाई. म्या म्हनलं, सरायले कायतरी नेऊन द्यावं."

मी त्याला आत बसवलं. चहा आला. तो बशीत ओतून पिऊ लागला. मग मला विचारावंच लागलं. "मुलीचं काय झालं?"

"नाई झालं सर. समितीवाले म्हने, मूळ वही घेऊन या. तवरिक तारीख निघून गेली. सीट मंग दुसऱ्या पोरीले गेली." त्यानं उरलेला चहा बशीत ओतला. "अकोल्याले बी.एस्सी.त टाकलं. जाते अपडाऊन. नसीब, दुसरं काय. तुमी तं आपल्याकून केलं."

त्या क्षणी सांगता आलं असतं. माणूस समोर होता, घरात तिसरं कोणी ऐकत नव्हतं, बायको स्वयंपाकघरात होती. नसीब वगैरे काही नाही, मी केलं, त्या कागदात मी मुद्दाम खोटं लिहिलं, एवढंच म्हणायचं होतं. त्यानं शिव्या घातल्या असत्या, उशा परत नेल्या असत्या. मी त्याला विचारलं, यंदा तुमच्याकडे पाऊस कसा आहे.

"हाये बरा," तो म्हणाला.

"मुलीला नाही आणलं?"

"म्या म्हनलं चाल, सरायले भेटून येऊ. नाई म्हने." बशी खाली ठेवून तो उठला. "काहून नाई म्हने, काय मालूम. पोट्टी तशी बेअदब नाई हो सर. तुमी मनाले लावून घेऊ नोका."

मी म्हणालो, "छे छे, त्यात काय." फाटकापर्यंत सोडायला गेलो. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि मी तो धरू दिला.

आत आलो तर बायको उशा हातात घेऊन दाबून बघत होती. "कोनं देल्या?"

"आहे एक जुना विद्यार्थी."

"पाहा, अजून मान ठेवतात तुमचा," ती म्हणाली आणि कौतुकानं एक उशी माझ्या पलंगावर ठेवून गेली. दुपारी जेवून मी आडवा झालो. कापूस उत्तम पिंजलेला होता, कुठे गाठ नाही, कुठे ढेप नाही, मान बरोबर हवी तेवढीच आत जात होती. चार वाजता बायकोनं चहाला हाक मारली तेव्हा जाग आली.